फ्रेश पाँडची बर्फघरे : तळ्याकाठच्या एका संस्थेचा इतिहास

केंब्रिज शहराच्या पश्चिम टोकाला असलेले फ्रेश पाँड हे तळे बॉस्टन परिसरातल्या अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचे आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्याभोवतीच्या वाटेवर आपली माणसे हमखास भेटतात. वाट झाडीतून जाते, पाण्याला कुंपण आहे, आणि शहराला पिण्याचे पाणी इथूनच जाते म्हणून तळ्यात कोणाला उतरू देत नाहीत. एकोणिसाव्या शतकात याच काठावर, पाण्याला अगदी खेटून, मोठमोठी लाकडी बर्फघरे उभी होती. जानेवारी-फेब्रुवारीत तळ्यावरून कापलेला बर्फ त्यांत रचला जाई. पुढे वर्षभर तो बॉस्टनच्या घराघरांत, न्यू ऑर्लिन्सला, हवानाला, कलकत्त्याला, मद्रासला आणि आपल्या मुंबईला विकला जाई.

या बर्फघरांचा मालक एक नव्हता. नोंदणी, घटना, कार्यकारिणी या अर्थाने ती एक संस्थाही नव्हती. तरीही ठरलेल्या पद्धती, ठरलेली हत्यारे, पिढीकडून पिढीकडे गेलेले कसब, दूरदूरच्या शाखा आणि जवळपास पाऊण शतकाचा अखंड व्यवहार हे सगळे तिथे होते. म्हणून स्मरणिकेत संस्थेचा इतिहास ज्या क्रमाने लिहितात, त्याच क्रमाने तो इथे मांडला आहे.

मराठी स्मरणिकेत त्याला जागा देण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला आणि त्यानंतर आपली माणसे मोठ्या संख्येने इथे येऊ लागली. पण मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरचा बर्फ मुंबईच्या धक्क्यावर १८३४ मध्येच उतरला होता. या मातीशी मुंबईचा संबंध आपण समजतो त्याहून सव्वाशे वर्षे जुना आहे.

स्थापना

बर्फ साठवण्याची कल्पना न्यू इंग्लंडला नवी नव्हती. सधन मळेवाले आपापल्या तळ्यातला बर्फ हिवाळ्यात काढून ठेवत आणि उन्हाळ्यात दूध, लोणी, मांस टिकवायला वापरत. बॉस्टनचे वकील विल्यम ट्यूडर यांच्या सॉगस येथील रॉकवुड मळ्यावरही अशी सोय होती. त्यांचे चिरंजीव फ्रेडरिक यांचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ चा. भाऊ हार्वर्डला शिकले, फ्रेडरिक यांनी मात्र तेराव्या वर्षी शाळा सोडून व्यापारात उडी घेतली. जे घरच्या मळ्यात होते ते उष्ण देशांत नेऊन विकता येईल, या विचाराने त्यांनी १ ऑगस्ट १८०५ रोजी ‘आइस हाऊस डायरी’ नावाची नोंदवही सुरू केली. या संस्थेची स्थापना त्याच दिवसापासून मोजावी असे मला वाटते.

बर्फ वाहून न्यायला एकही जहाजमालक तयार होईना. वितळलेल्या पाण्याने जहाज बुडेल, अशी त्यांना धास्ती होती. शेवटी ट्यूडर यांनी ‘फेव्हरिट’ नावाचे जहाज स्वतःच विकत घेतले आणि फेब्रुवारी १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ भरून ते कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे निघाले. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात या प्रवासाची थट्टा झाली. बर्फ मात्र सेंट-पिएर बंदरात पोहोचला. पुढची अडचण अशी की तिथे बर्फघर नव्हते. माल जहाजावरूनच विकावा लागला, लोकांना त्याचे काय करायचे ते ठाऊक नव्हते, आणि बराचसा माल डोळ्यांदेखत वाहून गेला. या पहिल्या फेरीत हजारो डॉलरांचा तोटा झाला.

त्या तोट्यातून एक नियम ठरला आणि तो संस्थेने शेवटपर्यंत पाळला. ज्या गावी बर्फ पाठवायचा त्या गावी आधी बर्फघर बांधायचे, मग जहाज सोडायचे. संस्थेच्या शाखा म्हणजे ही दूरदेशीची बर्फघरे. पण ती उभी राहण्यापूर्वी मधली वर्षे फार खडतर गेली. आधी अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, मग इंग्लंडशी १८१२ चे युद्ध झाले, आणि कर्जापायी ट्यूडर यांना तुरुंगाची हवाही खावी लागली. त्यातून सावरून १८१६ मध्ये त्यांनी हवाना येथे दुहेरी भिंतींचे बर्फघर बांधले. भिंतींमध्ये काय भरले म्हणजे बर्फ कमी वितळतो, हे ते तिथे बसून निथळणारे पाणी मोजून तपासत होते. त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत चार्ल्सटन, सव्हाना आणि न्यू ऑर्लिन्स इथे शाखा निघाल्या. पेयविक्रेत्यांना सुरुवातीला फुकट बर्फ द्यायचा आणि थंड पेयाची गोडी लागली की मग विकायचा, ही त्यांची रीत होती.

हेही नोंदवायला हवे की हवाना आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या गिऱ्हाइकांची श्रीमंती ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामातून आलेली होती. बर्फाच्या भरभराटीचा हा भाग आहे. संस्थेचा इतिहास लिहिताना तो गाळला तर आपण अर्धाच इतिहास लिहू.

तळे आणि कापणी

ट्यूडर यांनी बाजारपेठ उभी केली, पण फ्रेश पाँडचे नाव झाले ते नॅथॅनिएल वाएथ यांच्यामुळे. वाएथ यांचा जन्म १८०२ चा. तळ्याकाठचे फ्रेश पाँड हॉटेल त्यांच्या घरचे होते, त्यामुळे हे पाणी त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. ट्यूडर यांच्यासाठी बर्फ काढण्याचे काम ते पाहू लागले तेव्हा मजूर कुऱ्हाडी आणि करवतींनी बर्फ तोडत. लाद्या वेड्यावाकड्या निघत, एकीवर दुसरी नीट बसत नसे, आणि मधल्या फटींतून शिरलेल्या हवेने माल वितळत असे. वाएथ यांनी १८२५ मध्ये घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला आणि १८२९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले.

या नांगराची करामत समजून घेण्यासारखी आहे. त्याला एकामागे एक लोखंडी दाते असत. पहिली रेघ सरळ फळी धरून आखायची. मग नांगराला जोडलेली मार्गदर्शक पट्टी त्या रेघेत ठेवून घोडा चालवला की ठरलेल्या अंतरावर दुसरी समांतर रेघ उमटे. आपल्याकडे तिफणीने शेतात जशा सारख्या अंतराच्या ओळी पडतात, तसा सारा गोठलेला पृष्ठभाग रेघांनी भरून जाई. मग आडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे आणि खोल दात्यांच्या नांगराने त्या रेघा अधिक कोरायच्या. कडेची ओळ करवतीने सुटी केली की पुढच्या लाद्या पहारीच्या एका घावाने सरळ विलग होत. लाद्या एकसारख्या निघू लागल्यामुळे त्या बर्फघरात आणि जहाजाच्या पोटात फट न ठेवता रचता येऊ लागल्या. एक टन बर्फ काढण्याचा खर्च सुमारे ३० सेंटवरून १० सेंटवर आला असे सांगतात.

वाएथ हे विलक्षण माणूस होते. १८३२ आणि १८३४ मध्ये त्यांनी खंड ओलांडून पार ओरेगनपर्यंत मोहिमा काढल्या आणि आजच्या आयडाहो राज्यात फोर्ट हॉल हे ठाणे वसवले. तिकडे धंदा बसला नाही, तेव्हा ते केंब्रिजला परतले आणि १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत बर्फाच्या व्यवसायातच राहिले.

प्रत्यक्ष काम पहिल्या थंडीबरोबर सुरू होई. गोठलेल्या तळ्यावर पडलेले बर्फवृष्टीचे थर घोड्यांच्या फावड्यांनी ओढून काढावे लागत, कारण वर भुसभुशीत हिमाचे पांघरूण असले की खालचा बर्फ जाड होत नाही. वरचा पांढरट, सच्छिद्र थर तासून टाकत, म्हणजे खालचा काचेसारखा स्वच्छ बर्फ उरे. गावातल्या खपासाठी फूटभर जाडी पुरे. दूरच्या प्रवासाला मात्र अधिक जाड आणि मोठ्या लाद्या लागत, कारण लादी जितकी मोठी तितके तिचे वितळणे सावकाश. सुट्या झालेल्या लाद्या मजूर लांब आकड्यांनी ढकलत, पाण्याच्या मोकळ्या पाटातून काठापर्यंत आणत आणि तिथून उतरणीवरून ओढून बर्फघरात चढवत.

घोड्यांच्या नालांना टोकदार खिळे असत, तरी एखादे वेळी बर्फ फुटून घोडा पाण्यात जाई. त्यासाठी त्याच्या गळ्यात आधीच एक दोर बांधून ठेवत. घोडा पडला की तो दोर आवळायचा. श्वास अडला की घोड्याचे अंग पाण्यावर तरंगे आणि मग सगळे मिळून त्याला ओढून काढत, घोंगड्यांत गुंडाळत आणि चालवून ऊब आणत. ऐकायला क्रूर वाटते, पण घोडा वाचवण्याचा याहून भरवशाचा उपाय त्यांच्याजवळ नव्हता.

या कामावर बहुतेक आयर्लंडहून आलेले मजूर असत. तळ्याच्या उत्तरेला चिकणमातीच्या खाणी आणि विटांच्या भट्ट्या होत्या. उन्हाळ्यात विटा आणि हिवाळ्यात बर्फ, असे कित्येकांचे वर्ष जाई. जवळचे शेतकरीही हिवाळ्यात आपले घोडे घेऊन कामावर येत. अवेळी पाऊस झाला किंवा जानेवारीत ऊन तापले तर कापणी बुडे, आणि मग वर्षभराच्या साऱ्या गावांच्या मागण्या अडून राहत. म्हणून थंडीचे ते मोजके आठवडे सगळा गाव तळ्यावर लोटे.

बर्फघराची रचना

आपण ज्याला कोठार म्हणू तशी ही इमारत असे, पण तिच्या प्रत्येक भागामागे विचार होता. भिंती लाकडी आणि दुहेरी, मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा. हा भुसा मेन राज्यातल्या लाकूडकापणीच्या गिरण्यांमधून येई. तिथे तो आजवर नदीत लोटून देण्याचा कचरा होता. बर्फाच्या धंद्यामुळे त्याला किंमत आली. बर्फाच्या राशीवरही वरून भुशाचा किंवा गवताचा जाड थर पसरत. भुसा कोरडा राहणे महत्त्वाचे, कारण त्याच्या कणांत अडकलेली स्थिर हवाच उष्णतेला अडवते आणि ओला झाला की त्याचा उपयोग संपतो. म्हणून जमिनीला उतार देऊन वितळलेले पाणी लगेच बाहेर काढत. दारे उंचावर, एकावर एक ठेवलेली असत, म्हणजे रास जशी खाली जाईल तसे खालचे दार उघडता येई आणि आतली जड, थंड हवा जागच्या जागी राही.

खुद्द बर्फाचा गुणधर्मही या कामात साथ देतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचे एक किलो पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. त्यात हजारो टनांच्या राशीचा बाहेरचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने फार थोडा असतो. त्यामुळे बाहेरच्या लाद्या झिजत आणि आतल्या सुरक्षित राहत. या दोन्ही गोष्टी त्या मजुरांना कोणी सूत्रांतून शिकवल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे राशी रचून आणि उपसून त्या त्यांच्या हातांत उतरल्या होत्या.

बर्फ निसर्ग देत होता आणि तो कोणालाही फुकट होता. संस्था उभी राहिली ती तो टिकवण्याच्या कसबावर, आणि ते कसब एका माणसाचे नव्हते. या लेखातून मला ठळकपणे सांगायचे आहे ते हेच. इतिहासाच्या पुस्तकांत ट्यूडर हे ‘बर्फाचे राजे’ म्हणून येतात आणि त्यांच्या हिंमतीला तो मान शोभतोही. पण रेघ आखणारा, घोडा हाकणारा, भुसा पसरणारा, पाण्याची वाट काढणारा यांतला एकही चुकला असता तर मुंबईला पाण्याने भरलेले जहाज पोहोचले असते.

वाटणी आणि लोहमार्ग

धंदा वाढला तसे तळ्यावर तंटे सुरू झाले. काठावर ज्यांच्या जमिनी होत्या ते सगळे बर्फ कापू लागले. जमिनीला हद्द असते, पण गोठलेल्या पाण्याची हद्द कोण ठरवणार? अखेर हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांच्यासह एक समिती नेमली गेली. ज्याचा काठ जितका लांब तितके पाणी त्याच्या वाट्याला, या तत्त्वावर समितीने १८४१ मध्ये सबंध तळ्याची नकाशावर वाटणी केली. उन्हाळ्यात जिथे नुसत्या लाटा दिसत, तिथे कागदावर मालकीच्या रेघा होत्या. कोर्टकचेऱ्यांत अडकण्यापेक्षा सर्वांना पटेल असा नियम शोधून काढणे, हे या तळ्याकाठच्या लोकांचे मोठे शहाणपण होते.

त्याच १८४१ मध्ये चार्ल्सटाउनच्या धक्क्यांपासून फ्रेश पाँडपर्यंत लोहमार्ग आला. तोपर्यंत बर्फ घोडागाड्यांतून जाई. आता तो बर्फघराच्या दारातून थेट जहाजाच्या कडेला पोहोचू लागला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली. त्याच्या एक तप आधी मुंबईला निघालेल्या बर्फाने या तळ्याकाठी आगगाडीचा प्रवास केला होता.

फ्रेश पाँड एकटे नव्हते. शेजारच्या आर्लिंग्टनमधले स्पाय पाँड, उत्तरेकडचे वेनहॅम लेक आणि इतर अनेक तळ्यांवर बर्फघरे होती. वेनहॅमच्या बर्फाने १८४० च्या दशकात लंडनमध्ये असे नाव कमावले की नॉर्वेतल्या एका सरोवरालाही पुढे वेनहॅमचे नाव देण्यात आले. एकट्या बॉस्टन बंदरातून १८१६ मध्ये सुमारे १,२०० टन, १८३६ मध्ये १२,००० टन, १८४६ मध्ये ६५,००० टन आणि १८५६ मध्ये १,४६,००० टन बर्फ बाहेर गेला. १८५६ च्या साली बर्फाच्या ३६३ खेपा पन्नासहून अधिक बंदरांना गेल्या होत्या.

कॉन्कॉर्डचे वॉल्डन तळेही एकदा या उद्योगात ओढले गेले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडर यांची शंभरेक माणसे तिथे उतरली आणि त्यांनी सुमारे दहा हजार टनांची रास रचली. काठावर झोपडी बांधून राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरो यांनी ‘वॉल्डन’मध्ये हे काम बारकाईने टिपले आहे. आपल्या तळ्याचे पाणी पिणाऱ्यांत त्यांनी मद्रास आणि कलकत्त्याबरोबर मुंबईकरांचाही नावानिशी उल्लेख केला, आणि सकाळी भगवद्गीता वाचणाऱ्या त्या माणसाला वॉल्डन आणि गंगेचे पाणी एक झाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात ती रास जहाजावर चढलीच नाही. जागच्या जागी ती विरघळत राहिली आणि सप्टेंबर १८४८ पर्यंत बरीचशी तळ्यात परत गेली. तरी मॅसॅच्युसेट्सच्या इतर तळ्यांवरचा बर्फ मुंबईला पोहोचत होता, त्यामुळे थोरो यांची कल्पना खोटी ठरत नाही.

हिंदुस्थानातील शाखा

हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या बॉस्टनच्या जहाजांची एक अडचण होती. परतीला नीळ, कातडी, जवस, सोरा असा भरपूर माल मिळे, पण जाताना नेण्यासारखे फारसे काही नसे. रिकामे जहाज समुद्रात डळमळू नये म्हणून त्यात दगडांचे नीरम भरावे लागे. दगडांऐवजी बर्फ नेला तर जहाजाला वजनही मिळते आणि भाडेही. सॅम्युअल ऑस्टिन आणि विल्यम रॉजर्स या भागीदारांबरोबर ट्यूडर यांनी १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ देऊन कलकत्त्याला धाडले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार महिन्यांनी ते हुगळीत शिरले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. सरकारने जकात माफ केली आणि उन्हात वितळू नये म्हणून रात्री माल उतरवण्याची मुभा दिली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी रॉजर्स यांना चांदीचा पेला भेट दिला. कलकत्त्याच्या नफ्याने कॉफीच्या सट्ट्यात बुडालेल्या ट्यूडर यांना पुन्हा उभे केले.

मुंबईत अमेरिकन बर्फ १८३४ मध्ये आला. त्याआधी या शहराला बर्फ अनोळखी होता. पाणी गार करायचे तर मातीचा रांजण, ओल्या कापडात गुंडाळलेली सुरई, वाळ्याच्या ताट्या, आणि पैसेवाल्यांकडे सोऱ्याच्या पाण्यात ठेवलेल्या बाटल्या. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले आणि मंडळींना पडसे झाले, अशी हकीकत जुन्या मुंबईच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. बर्फाची चव शहरात किती नवलाईची होती हे त्यावरून कळते.

इथेही पहिला नियम पाळला गेला. १८४३ मध्ये फोर्टात, गोदीजवळ, अपोलो स्ट्रीटवर बर्फघर बांधले गेले. जाड भिंतींची, घुमटाची ती गोल इमारत ‘आइस हाऊस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जहाज येई तेव्हा मुंबईच्या हमालांनी त्या लाद्या उतरवून घाईघाईने आत न्यायच्या. त्यांच्या हातांना त्या वस्तूची सवय नव्हती, आणि एका लादीचे वजन चांगल्या भरलेल्या पोत्याहून कमी नसे. घरच्या गिऱ्हाइकांची माणसे कांबळी घेऊन येत आणि तुकडा गुंडाळून पळत घरी जात. तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या डोक्यावर ठेवायलाही तो बर्फ मागवला जाऊ लागला. जहाज लांबले की बर्फघर रिकामे पडे आणि वर्तमानपत्रांतून तक्रारी छापून येत.

या सुखाला मर्यादा होत्या. गोरे अधिकारी, पारशी आणि इतर शेटसावकार यांच्यापलीकडे हा बर्फ फारसा पोहोचला नाही. गिरगावात किंवा काळबादेवीत राहणाऱ्या सामान्य मराठी घराचे पाणी रांजणातच गार होत राहिले. पण बर्फ उतरवणाऱ्या हातांत मराठी हात होते. म्हणूनच फ्रेश पाँडच्या इतिहासात केवळ गिऱ्हाइकांच्या यादीपुरती मुंबई लिहू नये. आयर्लंडच्या मजुराने रचलेली रास मुंबईच्या हमालाने उतरवली. एकमेकांना कधीही न भेटलेल्या या माणसांनी मिळून हे काम चालवले.

उतार आणि समारोप

फ्रेडरिक ट्यूडर ६ फेब्रुवारी १८६४ रोजी वारले. तोपर्यंत बर्फ तयार करणारी यंत्रे जगात दिसू लागली होती. हिंदुस्थानात मद्रासला १८७४ मध्ये आणि कलकत्त्याला १८७८ मध्ये यंत्राने बर्फ बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. चार महिने समुद्र तुडवत येणाऱ्या मालाला त्यांच्याशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीस हिंदुस्थानकडे जाणारा बर्फ थांबला.

फ्रेश पाँडचा शेवट मात्र वेगळ्या कारणाने झाला. शहर वाढले, तळ्याचे पाणी नळाने घरोघर जाऊ लागले, आणि ज्या काठावर घोडे, गाड्या, मजूर आणि कारखानदारी आहे त्या काठाचे पाणी लोकांनी प्यायचे कसे, असा प्रश्न उभा राहिला. १८८८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने केंब्रिजला तळ्याभोवतीच्या जमिनी ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. पुढच्या काही वर्षांत बर्फघरे आणि इतर इमारती हटवल्या गेल्या. काठावर झाडी लावून फिरण्याची वाट आखण्याचे काम ओल्मस्टेड यांच्या उद्यानरचना करणाऱ्या कार्यालयाकडे सोपवण्यात आले. ग्रीनलीफ समितीने आखलेल्या मालकीच्या रेघा पुसल्या गेल्या आणि सबंध तळे शहराचे झाले.

एखादी संस्था बंद पडली की आपण हळहळतो. इथे तसे करण्याचे कारण नाही. या संस्थेने आपले काम चोख केले, आणि तिची गरज सरली तेव्हा जागा सर्वांच्या उपयोगाला मोकळी झाली. तिच्या जागी उंच घरे किंवा नवे कारखाने उभे राहिले असते तर तो खरा तोटा ठरला असता. केंब्रिजच्या लोकप्रतिनिधींनी तसे होऊ दिले नाही, याबद्दल आज इथे राहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे ऋणी असले पाहिजे.

वारसा

कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या हिंदुस्थानातल्या तीन ठिकाणच्या बर्फघरांपैकी फक्त मद्रासचे उभे आहे. बर्फाचा व्यापार संपल्यावर ती इमारत बिलिगिरी अय्यंगार यांनी घेतली, स्वामी विवेकानंद फेब्रुवारी १८९७ मध्ये तिथे राहिले, आणि आज ती ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून जपलेली आहे. आसपासचा भाग अजूनही आइस हाऊस याच नावाने ओळखला जातो. कलकत्त्याचे बर्फघर गेले. मुंबईचेही पाडले गेले, आणि त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची वास्तू उभी आहे. फोर्टात लायन गेटच्या बाजूने जाताना ती दिसते.

इकडे चार्ल्सटाउनला ट्यूडर व्हार्फ हे नाव टिकून आहे. तळ्यालगतच्या एका जुन्या लोहमार्गाच्या जागी आता वॉटरटाउन-केंब्रिज ग्रीनवे ही पायी आणि सायकलने जाण्याची वाट झाली आहे. ट्यूडर कंपनीच्या हिशेबवह्या आणि पत्रव्यवहार हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात जतन केलेला आहे.

हा इतिहास अजून मुंबईच्या बाजूने पुरेसा लिहिला गेलेला नाही, आणि ते काम आपल्याला करण्यासारखे आहे. आपल्यातल्या अभ्यासू मंडळींनी बेकर ग्रंथालयातल्या कागदांत मुंबईच्या नोंदी शोधाव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी मुंबईची जुनी वर्तमानपत्रे चाळावीत. ज्यांच्या घरात गोदीवर, जहाजांवर किंवा फोर्टातल्या पेढ्यांत काम केलेल्या पूर्वजांची कागदपत्रे वा आठवणी असतील त्यांनी त्या लिहून काढाव्यात. इथल्या मुलांना फ्रेश पाँडच्या फेरीवर नेताना काठावर काय होते आणि तिथला बर्फ कोणी कापला, कोणी उतरवला, हे सांगावे. ट्यूडर आणि वाएथ यांची नावे पुस्तकांत आहेतच. आयरिश मजूर आणि मुंबईचे हमाल यांच्यासाठी पुढच्या स्मरणिकेत एक सविस्तर प्रकरण असावे, आणि ते आपण सर्वांनी मिळून लिहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.